अस्तोची चाकं

चाक बसत नव्हतं.

बेन्यातने ते दोन्ही हातांनी उचलून बोल्टांवर चढवलं, गुडघ्याने आत रेटलं आणि आतून 'टक्' असा लोखंडावर लोखंड लागल्याचा आवाज आला. त्याने चाक काढलं, अर्धा फेरा फिरवलं, पुन्हा चढवलं. पुन्हा टक्.

"लागतंय," तो म्हणाला.

"मी काय म्हणत होतो?" उलट्या बादलीवर बसलेले दोमिंगो म्हणाले. "म्हणत होतो की नाही? ही मूळ चाकं आहेत. पंचावन्न साली कारखान्यातून निघाली तशी आहेत. असल्या नव्या भानगडींवर ती बसायची नाहीत."

दोमिंगोंची मुलगी नेकाने शेडच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. तिला बापाच्या बोलण्याचं काही वाटलं नाही, ते तिला पाठ होतं. तिला खटकलं ते वेगळंच. म्हातारा खूश होता. गाडी जॅकवर लटकलेली, आज गुरुवार, परवा शनिवारी एल्कोमध्ये बास्क मेळ्याची मिरवणूक, मिरवणुकीत सर्वांत पुढे हीच गाडी असायची. आणि चाक बसत नाही म्हटल्यावर या माणसाचा चेहरा उजळला होता.

गाडीचं नाव अस्तो, म्हणजे गाढव. दोमिंगोंनी दुसऱ्यांच्या मेंढ्या राखणं सोडून स्वतःचा कळप घेतला तेव्हा घेतलेला हा हिरवा पिकअप. त्याच्यामागे गोल छपराची मेंढपाळाची गाडी जोडून उरिआर्ते कुटुंबाने चाळीस उन्हाळे डोंगरात काढले. नेकाने आणि तिचा भाऊ जोसू याच्याच मागच्या फळीवर लहानाचे मोठे झाले.

आणि गेल्या ऑक्टोबरात हाच अस्तो सॅडल खिंडीच्या उतारावर सुटला होता. आत दोमिंगो आणि त्यांची बहीण बिबियाना. ब्रेकचं पेडल तळाला गेलं ते वर आलंच नाही. खाली एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला घळ. दोमिंगोंनी डोकं शांत ठेवून गाडी ओढ्याकाठच्या विलोच्या जाळीत घातली म्हणून दोघं वाचली. ही हकिगत एव्हाना गावात सर्वांना तोंडपाठ होती. बास्क मंडळाने या वर्षीचा पुढचा मान दोमिंगोंना दिला तो मेंढपाळीच्या करारावर बास्क मुलखातून समुद्र ओलांडून आलेल्यांपैकी ते एकटेच उरले म्हणून. पण सभेत जोसूने उताराची गोष्ट रंगवून सांगितल्यावर हात जरा जास्तच भराभर वर झाले होते.

नेकानेने अपघाताच्या दिवशीच गाडीची किल्ली दोरीत ओवून गळ्यात अडकवली होती. "पुढे डिस्क ब्रेक बसल्याशिवाय ही किल्ली मिळायची नाही," असं तिने बजावलं होतं. दोमिंगो महिनाभर बोलले नाहीत. मग एके दिवशी म्हणाले, "बसवा तुमच्या डिस्का. पण चाकं माझीच राहतील. चाकं बदललीत तर मी गाडीत पाय ठेवणार नाही." एवढंच ना, म्हणून सगळ्यांनी हो म्हटलं होतं.

"का लागतंय?" तिने मुलाला विचारलं.

बेन्यात जमिनीवर आडवा होऊन आत बघत होता. तो रीनोला जुन्या गाड्यांच्या गॅरेजात काम करायचा आणि खास यासाठी चार दिवसांची रजा काढून आला होता. "आधी आत ड्रम होता, आई. गोल डबा. चाक त्याच्यावर आरामात बसायचं. आता डिस्क आहे, आणि तिला चिमट्यात धरणारा हा कॅलिपर. हा बाहेर आलाय. चाकाच्या आतल्या घेराला याचा कोपरा घासतो."

"मग मध्ये चकती घाल. चाक जरा बाहेर येईल."

"म्हणजे गाडी पाय फाकवून उभी राहील," दोमिंगो लगेच म्हणाले. "व्यायला झालेल्या मेंढीसारखी. अख्ख्या एल्कोसमोर. नाही."

"आईता, तुम्ही गप्प बसता का जरा?" बापाला ती आईताच म्हणायची, इथली सगळी मुलं म्हणतात तशी.

"मी गप्पच आहे. चाक बोलतंय."

जेवणाच्या वेळेला जोसू आला. त्याचं गावात पशुखाद्याचं दुकान होतं. बहिणीशी त्याचं वसंतापासून धड बोलणं नव्हतं, कारण वरचं कुरण विकायचं की नाही यावर ती नको म्हणाली होती आणि तो हो म्हणाला होता. आज मात्र तो आल्या आल्या नेकानेला म्हणाला, "मला वाटलंच होतं. मी सोय करून आलोय. चल, दाखवतो."

त्याच्या गाडीत मागे चार नवी चाकं होती. ॲल्युमिनियमची, चकचकीत.

"बेन्यात, ही बसतील?"

"मामा, ही दहा मिनिटांत बसतील."

नेकानेने चाकांकडे बघितलं, भावाकडे बघितलं. कुरणाचं भांडण आपल्या जागी होतं. पण अडचणीच्या वेळी हा माणूस न सांगता काहीतरी घेऊन येतो, हे तिला कबूल करावंच लागलं. "चांगलं केलंस," ती म्हणाली. जोसूला ते इतकं अनपेक्षित होतं की त्याने मागे वळून बघितलं, दुसरं कुणी उभं आहे का म्हणून.

स्वयंपाकघरात बिबियानाने बिडाच्या भांड्यात भाजलेला मेंढपाळी पाव पालथा घातला, सुरीच्या टोकाने त्यावर क्रूस काढला, आणि रिवाजाप्रमाणे पहिला तुकडा कुत्र्याला टाकला. मग माणसांना. ती शहात्तरची होती. नवरा गेल्यापासून भावाच्या घरी राहायची, आणि घरात सर्वांत कमी बोलून सर्वांत जास्त ऐकलं जाणारं माणूस तीच होती.

"आईता," जोसूने मेंढीच्या रश्श्यात पाव बुडवत सुरुवात केली, "नुसतं एकदा बघून घ्या. आरशासारखी चाकं आहेत."

"आरशात बघायला मी काय नवरी आहे?"

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मिरवणूक संपली की काढून टाकू."

"मिरवणुकीत लोक काय बघतात? चाकंच बघतात. आन्सोतेगी तर बाकी काही बघतच नाही." मार्तिन आन्सोतेगी म्हणजे इथेच जन्मलेले, खोऱ्यातले शेजारी, आणि पन्नास वर्षांचे प्रतिस्पर्धी. "माझं ठरलंय. मूळ चाकं नाहीत तर मी नाही. मंडळाने दुसरं कुणीतरी बघावं. मला वाईट वाटणार नाही."

"तुम्हाला नाही वाटणार," नेकाने म्हणाली, "पण तुमच्यासाठी समुद्रापलीकडून, ओनातीहून माणसं निघालीयत त्यांना वाटेल. मंडळाने पाटी रंगवलीय. तुमचं नाव घातलंय त्यावर."

"नाव खोडता येतं."

"इझेको, तू तरी सांग," जोसू आत्याकडे वळला.

बिबियानाने भावाकडे एकदाच बघितलं. "मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "त्याला सगळं माहीत असतं." आणि तिने त्याच्या ताटात न विचारता घेवड्याची उसळ वाढली.

नेकाने आणि जोसू एका बाजूला, दोमिंगो दुसऱ्या, अशी ही लढाई घेवड्यापासून चीजपर्यंत चालली. तोवर बेन्यात एक शब्द बोलला नव्हता. आता त्याने वाईनचा घोट घेतला आणि म्हणाला, "आजोबा बरोबर बोलतायत."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"जुन्या गाडीवर नवी चाकं लावली की गाडी पोशाख घातल्यासारखी दिसते. माझ्या गॅरेजात असली कामं रोज येतात आणि मला ती आवडत नाहीत. मूळ चाकंच बसवू या. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"अरे, पण आत्ताच तू म्हणालास की लागतं!" जोसू म्हणाला.

"लागतं. पण कुठे आणि किती लागतं ते मी अजून मोजलंच नाही."

नेकाने बापाकडे बघत होती. नातू आपल्या बाजूला आला म्हणून या माणसाने टेबलावर हात आपटायला हवा होता, बाटली त्याच्याकडे सरकवायला हवी होती. दोमिंगोंनी चमचा खाली ठेवला आणि नुसतंच म्हणाले, "उगाच कशाला त्रास घेतोस, पोरा?"

बेन्यातला मोजायला मऊ माती हवी होती. कॅलिपरवर मातीचा थर द्यायचा, वर चाक चढवायचं, काढायचं. जिथे माती दबून फाटली तिथे लागतं, जिथे उरली तिथे तेवढी जागा आहे. आता या कोरड्या पठारावर जुलैमध्ये मऊ माती कुठून आणायची? बिबियाना आत गेली आणि रात्रीच्या पावासाठी मळून ठेवलेल्या कणकेचा मूठभर गोळा घेऊन आली.

"ही चालेल?"

"इझेको, ही तर मातीपेक्षा बरी."

"फुगायच्या आत काम उरक."

मग शेडमध्ये जो प्रकार सुरू झाला तो बघायला शेतावरच्या गड्यांनीही कामं टाकली. कॅलिपरला कणकेचं लिंपण झालं, त्यावर पिठाचा हात फिरला. जोसूने बाही सारून चाकाची एक बाजू धरली, बेन्यातने दुसरी. चढवलं, काढलं. एका कोपऱ्यावर कणीक फाटून लोखंड दिसत होतं. बाकी सगळीकडे ती जशीच्या तशी होती.

"बस, एवढंच!" बेन्यात ओरडला. "दोन नाण्यांच्या जाडीचा प्रश्न आहे. तेवढ्यासाठी आपण सकाळपासून भांडतोय."

त्याने उजवं चाक लावून बघितलं. तेही तसंच. मग जरा विचार करून त्याने गाडीचा मागचा भाग उचलला, मागचं डावं चाक उतरवलं आणि ते पुढे आणलं.

"ते कशाला?" दोमिंगो बादलीवरून अर्धवट उठले.

"बघतो नुसतं."

मागचं चाक चढवलं. आवाज आला नाही. बेन्यातने नट आवळले, हाताने चाक फिरवलं, ते गरगर फिरत राहिलं. काढून बघितलं तर कणीक बोटभर जाडीची शाबूत होती.

जोसूने शिट्टी मारली. गड्यांनी टाळ्या वाजवल्या. "मागची पुढे, पुढची मागे!" जोसू म्हणाला. "वा रे भाच्या! मी बाटली आणतो."

पण बेन्यात ते चाक पालथं घालून आतून बघत होता. "गंमत आहे," तो म्हणाला. "हे वरून अगदी तसंच आहे, पण आतून घेर अंगठाभर मोठा. हे वेगळ्या गाडीचं आहे." त्याने फडक्याने आतली धूळ पुसली. रंगाखाली खिळ्याने कोरलेली अक्षरं दिसली. "एम. ए. आजोबा, हे एम. ए. कोण?"

दोमिंगोंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"ती चाकं माझी नाहीत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ती आन्सोतेगीची आहेत. मागची दोन्ही." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "एक्काहत्तर सालचा नाताळ. हॉटेलात पत्त्यांचा मुस खेळायला बसलो होतो. माझी माझ्या हातावर... खात्री होती. खिसा रिकामा झाला होता. मार्तिन म्हणाला, तुझ्या गाडीची चाकं पणाला लाव. मी दोन लावली."



"आणि हरलात," नेकाने म्हणाली.

"आणि हरलो. घरी यायला चाकं नाहीत. तुमच्या आईला, कार्मेलेला काय सांगणार? मार्तिनने त्याच्याकडची जुनी दोन दिली. मी दुसऱ्या दिवशी त्यांना हिरवा रंग दिला."

"म्हणजे अडतीस वर्षं," जोसू एकेक शब्द चावत म्हणाला, "अडतीस वर्षं तुम्ही आम्हाला चाकं धुवायला लावताना मूळ चाकं, मूळ चाकं म्हणून प्रवचन देत होता, आणि त्यातली निम्मी आन्सोतेगीची!"

"तुझा जोडीदार कोण होता?" बिबियानाने विचारलं.

"तुझा नवरा."

"मग तो हरला कसा? तो कधी हरायचा नाही."

"त्याने ओठ चावला." मुसमध्ये जोडीदाराला तोंडाने खूण करायची मुभा असते, खालचा ओठ चावला म्हणजे हातात दोन राजे आहेत. "मला वाटलं, थंडीने ओठ फुटलाय म्हणून चावतोय."

आता मात्र जोसू खाली बसला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बेन्यात चाकाला धरून हसत होता, गडी हसत होते, बिबियाना ॲप्रनमध्ये तोंड खुपसून हसत होती. नेकानेही हसली, पोट दुखेपर्यंत हसली. आई असती तर हिरव्या रंगाचा डबा घेऊन याच्या मागे धावली असती, हे तिला लख्ख दिसलं.

मग तिने बघितलं की आईता हसत नाहीयेत.

"म्हणूनच सांगतो," दोमिंगो म्हणत होते, "ती पुढे लावायची नाहीत. हरलेल्या चाकांवर मी मिरवणुकीच्या पुढे जाणार नाही. विषय संपला."

"बरं," बेन्यात डोळे पुसत म्हणाला. "मग तुमची दोन पुढे, त्यांची दोन मागे, आहे तसंच ठेवू. मी कॅलिपरचा तो कोपरा ग्राइंडरवर दोन नाण्यांइतका उतरवतो. तिथे भरपूर लोखंड आहे, त्या कोपऱ्यावर काही जोर येत नाही. अर्ध्या तासाचं काम. तुमची मूळ चाकं पुढे बसतील."

 दोमिंगोंना आणखी कारण सुचत नव्हतं.

तेव्हा नेकानेला कळलं. जे गुपित या माणसाने बायकोपासून ती जाईपर्यंत लपवलं, ते त्याने आज गड्यांच्या देखत उघडं केलं, कशासाठी? तर चाक बसू नये म्हणून. याला चाकं नको होती. याला न जाण्यासाठी काहीतरी हवं होतं.

"आईता, जरा बाहेर या," ती म्हणाली.

शेडच्या मागे मेंढ्यांच्या पाण्याचा लांबलचक हौद होता. दोमिंगो त्याच्या काठाला टेकले. आतून ग्राइंडरचा आवाज सुरू झाला.

"डिस्कवर चाकं बसत नाहीत, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं," नेकाने म्हणाली.

"आन्सोतेगीच्या पोराच्या गाडीवर बसली नव्हती."

"म्हणून अट घातलीत."

"हो."

"का?"

दोमिंगोंनी हौदाच्या पाण्यात हात बुडवला. मेंढ्या विकल्या तेव्हाही हा माणूस एवढा लहान दिसला नव्हता.

"मी गाडी वळवली नव्हती," ते म्हणाले. "उतारावर. पेडल खाली गेलं आणि मी... मी स्टिअरिंग सोडलं. दोन्ही हातांनी डोळे झाकले. पोराटोरांसारखे. एकवीस वर्षांचा होतो तेव्हापासून त्या डोंगरात आहे, अस्वल बघितलंय, बर्फात तीन दिवस अडकलोय. आणि डोळे झाकले."

"मग वळवलं कुणी?"

"बिबीने. ती मधोमध आडवी झाली आणि वळवलं. आयुष्यात कधी गाडी चालवली नाही तिने."

नेकानेला एकदम राग आला, कशाचा ते तिला सांगता आलं नसतं. नऊ महिने. नऊ महिने तिने किल्ली गळ्यात बाळगली, ब्रेकवर रागावली, आणि इझेको रोज सकाळी कणीक मळत एक अक्षर बोलली नाही. राग आला तसा गेलाही. तिने बापाचा हात धरला. तो हात तिने कितीतरी वर्षांत धरला नव्हता.

"त्या दिवसापासून स्टिअरिंगसमोर बसायचं म्हटलं की भीतीच वाटते," दोमिंगो म्हणाले. "आणि शनिवारी ते मला सर्वांत पुढे काढणार. माइकवरून सांगणार, याने डोकं शांत ठेवलं. जोसू तर किती रंगवून सांगतो. मी त्याला थांबवलंही नाही."

"मग सांगून टाका सगळ्यांना."

"हसतील."

"आज चाकांवर हसले की."

"चाकांवर हसलेलं चालतं."

 नेकानेने गळ्यातली दोरी काढली आणि किल्ली त्यांच्या हातात ठेवली. "सांगा, नका सांगू. ते तुमचं तुम्ही बघा. पण गाडी चालवायची की नाही ते चाकांवर ढकलू नका. भीती वाटते म्हणून नाही जायचं, तर मी स्वतः मंडळाला फोन करते, आणि तुम्हाला कुणी काही बोललं तर गाठ माझ्याशी आहे."

दोमिंगोंनी किल्ली मुठीत घेतली. ती त्यांनी परत दिली नाही.

सहा वाजता अस्तो चार चाकांवर उभा होता. पुढची दोन चाकं अशी बसली होती की आत काही नवं आहे हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. व्हील कॅपसुद्धा बेन्यातने पुसून लावल्या होत्या. तो आणि जोसू ब्रेक बघायला उताराच्या पायथ्याशी पुढे गेले होते, कारण बेन्यातचं म्हणणं होतं की डिस्क खऱ्या उतारावर तपासल्याशिवाय तो गाडी गावात नेऊ देणार नाही. वरून गाडी घेऊन कोण येणार, हे कुणीच विचारलं नव्हतं. सगळ्यांनी आपापल्या परीने नेकाने येईल असं धरलं होतं.

दोमिंगो शेडमधून बाहेर आले तेव्हा बिबियाना आधीच गाडीत बसलेली होती. डोक्याला रुमाल, मांडीवर पर्स.

"तू कुठे निघालीस?" नेकानेने विचारलं.

"उतारावर."

"थांब, मी मध्ये बसते. तू दाराकडे हो."

"तू मध्ये बसलीस," बिबियाना म्हणाली, "तर माझा हात स्टिअरिंगपर्यंत कसा पुरेल?"

नेकानेने तिच्याकडे बघितलं. बिबियानाने तिच्याकडे बघितलं. दोघींना समजलं की आता दोघींना माहीत आहे. नेकाने मुकाट्याने दाराकडच्या बाजूला बसली.

दोमिंगो चढले. त्यांनी किल्ली लावली, आणि गाडी सुरू झाल्यावर चांगलं मिनिटभर ते नुसतेच बसून राहिले. मग त्यांनी गिअर टाकला.  सॅडलच्या माथ्यावर गाडी वळवून त्यांनी उताराकडे तोंड केलं. खाली ओढा, विलोची जाळी, आणि दोन ठिपक्यांएवढी माणसं. दोमिंगोंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"बिबी," ते म्हणाले.

"काय?"

"लक्ष ठेव हं."

बिबियानाने पर्स नेकानेच्या मांडीवर दिली. मग तिने दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. "हे बघ," ती म्हणाली. "मी हातांवर बसले. आता तूच बघ काय ते."

"बिबी, वेडेपणा करू नकोस!"

"तूच बघ म्हटलं ना. चल आता, कणीक फुगून भांड्याबाहेर येईल."

दोमिंगोंनी गाडी सोडली. अस्तो उताराला लागला आणि वेग घेऊ लागला. नेकानेने दाराची कडी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. तिच्या मनात आलं, आत्ता ओरडावं, थांबवावं. आणि तिने दात आवळून ते आवरलं. वळण आलं, तेच वळण. दोमिंगोंनी श्वास घेतला, डोळे टक्क उघडे ठेवले आणि पेडलवर पाय दिला.

अस्तो थांबला. ना इकडे झुकला, ना तिकडे. सरळ, वळणाच्या बरोबर तोंडाशी. मागून धुळीचा लोट येऊन पुढे निघून गेला.

 मग दोमिंगोंनी मोठ्याने, घशातून, डोंगरात एका माणसाने दुसऱ्याला घालायची ती लांब साद, इरिंत्झी, घातली. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. ओढ्यापलीकडून तिचा प्रतिध्वनी आला. नेकाने रडत होती आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

पायथ्याकडून जोसू आणि बेन्यात धावत आले. जोसू खिडकीशी येऊन म्हणाला, "वा, आईता! त्या दिवशी वळवली तशीच! शनिवारी मी माइकवर सांगणारच आहे—"

"जोसू," दोमिंगो म्हणाले. त्यांनी इंजिन बंद केलं, टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्या दिवशी मी काही वळवलं नाही. मी डोळे झाकले होते. हिने वळवलं. माइकवर सांगायचं असेल तर हे सांग."

जोसूने खिडकीवरचा हात काढला. बेन्यात आजोबांकडे, मग आत्याआजीकडे बघत राहिला.

"इझेको," जोसू म्हणाला, "तू नऊ महिने बोलली का नाहीस?"

"त्याची गोष्ट होती," बिबियाना म्हणाली. "तो सांगेपर्यंत मी थांबले. माझ्या हयातीत सांगतोय की नाही, एवढीच काळजी होती."

"मग शनिवारी पुढचा मान तुझा," दोमिंगो म्हणाले. "गाडी मी चालवतो. पाटीवर नाव तुझं."

"माझं नाव कशाला? मला त्या दिवशी मेळ्यातलं कलेजीचं दुकान सांभाळायचंय."

"दुकान नेकाने बघेल."

"बघेन," नेकाने म्हणाली.

बिबियानाने भावाकडे नीट बघितलं. मग तिने मांड्यांखालून हात काढले, रुमाल सारखा केला, आणि पहिल्यांदाच जरा लाजून म्हणाली, "बरं. पण परत एकदा वरून ये. मघाशी मी डोळे मिटले होते."